कार्ब्युरेटरच्या गाडीला बाहेरचा एअर फिल्टर बसवताना

फिल्टर बसवायला अर्धा तास पुरतो. कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) त्याला जुळवून घ्यायला अख्खा रविवार जातो. बाहेरचा, म्हणजे गाडीबरोबर न आलेला, फिल्टर लावून बिघडलेल्या बहुतेक गाड्या हा रविवार वाचवायच्या नादात बिघडलेल्या असतात. फिल्टर आणला, क्लॅम्प आवळला, रेस दिली, आवाज दमदार आला, गडी खूश. पुढे महिन्याभरात गाडी तापायला लागते, चढाला गुदमरते, रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके वाजतात, आणि दोष जातो फिल्टर विकणाऱ्याच्या माथी.

हे सगळं कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांपुरतं आहे: आरएक्स १००, जुनी बुलेट, स्प्लेंडर, युनिकॉर्न, पल्सर, येझदी. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे नियम लागू झाले आणि मोटारसायकली जवळपास सगळ्या इंजेक्शनवर (पेट्रोल मोजून फवारणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर) गेल्या. त्यांचं गणित वेगळं. त्याआधीच्या गाडीतही नुसत्या सालावर जाऊ नका. पल्सर २२० हीच २००७ साली इंजेक्शन घेऊन आली होती आणि २००९ मध्ये कार्ब्युरेटरवर परतली. बाजूचं कव्हर काढून डोळ्यांनी बघा आणि मगच पैसे खर्च करा.

कोणता फिल्टर घ्यायचा

बाजारात दोन जाती मिळतात. एक, कंपनीने दिलेल्या फिल्टरच्या डब्यातच मूळ कागदी फिल्टरच्या जागी बसणारा, कापडी जाळीचा किंवा फोमचा. दुसरा, डबाच काढून टाकून थेट कार्ब्युरेटरच्या तोंडावर चढवायचा शंकूसारखा फिल्टर. त्याला गॅरेजात कोणी ‘कोन’ म्हणतं, कोणी ‘पॉड’, तर कोणी सरसकट ‘केएन’. केएन म्हणजे १९६९ साली कॅलिफोर्नियात निघालेली के अँड एन ही कंपनी. दुकानात त्या नावाने जे हातात ठेवतात ते प्रत्येक वेळी तिथलंच असतं असं नाही. जाळीच्या आतला कापूस एकसारखा विणलेला आहे का, उजेडाकडे धरल्यावर कुठे सरळ आरपार दिसतं का, रबराची मान बोटाने दाबल्यावर चिरते का, एवढं तरी दुकानात तपासून घ्या.

माझं मत विचाराल तर आपल्या बेळगाव पट्ट्यात डब्यात बसणारा फिल्टर घ्यावा. कारण धूळ. दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांची धुराडी पेटली की चिकोडी-अथणीकडे उसाच्या ट्रॉल्या शेतातून डांबरीवर येतात, आणि काळ्या मातीचं पीठ उडतं. खानापूर बाजूला लाल धूळ आहे, ती तर चहाच्या कपातही सापडते. ही बारीक धूळ सिलिंडरमध्ये गेली की रिंग आणि बोअर घासतात, मग गाडी तेल प्यायला लागते. डबा सीटखालची त्यातल्या त्यात थंड आणि स्वच्छ हवा घेतो, पावसाचं पाणी अडवतो, इंजिनाला दमादमाने शांत हवा पुरवतो. तो डबा काढला की खालच्या रेसवरची ओढ थोडी कमी होते. आवाज वाढल्यामुळे गाडी जोरात पळतेय असं वाटतं, तो भाग वेगळा.

तरीही पॉड लावायचाच असेल, गाडी हौसेची असेल, रोज डबल सीट बाजाराला जाणारी नसेल, तर पुढचं नीट वाचा. डब्यातला फिल्टर लावणाऱ्यांनीही जुळवणीचा भाग सोडू नये. त्यांना फरक थोडा करावा लागतो, पण तपासावा लागतोच.

माप आणि सामान

कार्ब्युरेटरच्या मागच्या तोंडाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा, आडवा आणि उभा असा दोनदा. जुन्या कार्ब्युरेटरचं तोंड कधी कधी दबलेलं असतं. फिल्टरच्या मानेचा आतला व्यास तेवढाच किंवा एखाद्या मिलिमीटरने कमी हवा. सैल मान क्लॅम्पने आवळून घट्ट करायला गेलं की रबराला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून धूळ आत जाते. माप मधलंच निघालं तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवाल्यांची कमी नाही. ॲल्युमिनियमची एक कडी वळवून घ्या, टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका.

फिल्टरची लांबीही मोजा. बॅटरीचा डबा, चेसिसची नळी, मागचं चाक यांच्यापासून बोटभर तरी अंतर राहिलं पाहिजे. फ्रेमला टेकलेला फिल्टर थरथरून तिथेच फाटतो.

बाकी सामान: चांगला बसणारा स्क्रूड्रायव्हर, पाने, पक्कड, नवा स्पार्क प्लग, प्लग पाना, ब्रीदर नळीसाठी छोटा फिल्टर, आणि तुमच्याच कार्ब्युरेटरच्या कंपनीचे दोन-तीन वाढीव मापांचे मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा). मिकुनी आणि केहिन या कार्ब्युरेटर बनवणाऱ्या दोन कंपन्यांच्या जेटचे आकडे एका मोजपट्टीवरचे नाहीत. एकात आकडा पेट्रोल किती वाहतं त्यावरून येतो, दुसऱ्यात भोकाच्या व्यासावरून. त्यामुळे मित्राच्या गाडीला अमुक नंबर लागला म्हणून आपल्यालाही तोच, असं होत नाही. आणि कोणी सुई किंवा ड्रिल घालून जुनंच जेट मोठं करून देतो म्हणाला तर हात जोडा. भोक वाकडं झालं की ते कोणत्याच नंबरचं राहत नाही.

जुनं काढताना

इंजिन थंड हवं. पेट्रोलचा कॉक बंद करा, फ्लोटच्या वाटीखालचा स्क्रू सोडून वाटीतलं पेट्रोल बाटलीत घ्या. विडी-सिगारेटवाले लांब.

मग डबा. काढण्याआधी मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, विशेषतः डब्याला कुठून कुठून नळ्या आल्या आहेत त्याचे. फोर-स्ट्रोक गाडीत इंजिनाच्या पोटातून तेलकट वाफ घेऊन येणारी ब्रीदर नळी बहुधा डब्यातच सोडलेली असते. काही गाड्यांत एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणाऱ्या यंत्रणेची नळीही तिथूनच निघते. डबा गेला की या नळ्या अनाथ होतात. ब्रीदरला बूच मारू नका. आतला दाब वाढून ऑइल सील ढकलला जातो आणि तेल गळायला लागतं. तिच्या टोकाला छोटा फिल्टर लावून ती चेनपासून लांब, वरच्या बाजूला बांधा. हवेच्या नळीलाही तसाच छोटा फिल्टर.

निघालेला प्रत्येक नट, क्लिप, रबर आणि अख्खा डबा जपून ठेवा. भंगारात घालू नका. तो पुन्हा लागणार आहे.

नवा बसवताना

टॉर्च लावून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा. मोठ्या गोल वाटेच्या कडेला, बहुधा खालच्या ओठाजवळ, दोन बारीक भोकं दिसतील. एकातून पायलटला (रेस न देता, म्हणजे स्लोला, पेट्रोल देणारं छोटं जेट) हवा जाते, दुसऱ्यातून मेन जेटच्या नळीला. पॉडची रबरी मान आत जास्त ढकलली तर तिची कड नेमकी या भोकांवर येऊन बसते. मग गाडी स्लोला थांबत नाही, किंवा धूर ओकते, आणि माणूस दिवसभर जेट बदलत बसतो. मान चढवल्यावर फिल्टरचं टोक उघडता येत असेल तर आतून, नाहीतर बोट घालून, कड कुठवर आली ते चाचपा. जास्त आली असेल तर फिल्टर थोडा मागे ओढा.

पल्सर २२० किंवा जुनी करिझ्मा अशा गाड्यांत इंजिनाच्या व्हॅक्यूमवर उचलणारी स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त उघडणारा सरकता भाग) असते, वर काळा रबरी पडदा. त्या पडद्याखालच्या कप्प्यालाही तोंडातल्याच एका वाटेने हवा मिळते. ती झाकली तर स्लाइड पुरती उचलतच नाही. शिवाय या कार्ब्युरेटरना डब्यातल्या शांत हवेची सवय असते. पॉडवर त्यांची जुळवणी फार त्रास देते, आणि उघड्या पॉडवर आडवा वारा आला की ती पुन्हा बिघडते. अशा गाडीला पॉड लावूच नये या मताचा मी आहे.

क्लॅम्प आवळताना रबर फुगेपर्यंत आवळू नका. डबा होता तेव्हा कार्ब्युरेटरला मागून आधार होता. आता तो एकट्या पुढच्या रबरी मॅनिफोल्डवर (त्याला इंजिनाशी जोडणाऱ्या नळीवर) लटकतो, आणि वर फिल्टरचं वजन. बुलेटचं थरथरणं त्यात धरा. त्यामुळे फिल्टर वजनदार असेल तर पत्र्याची एक पट्टी वाकवून फ्रेमला आधार द्या. मॅनिफोल्डला आधीच बारीक भेगा असतील तर तो आजच बदला. त्या भेगांतून हवा ओढली जात असताना केलेली जुळवणी पाण्यात.

गाडी चालू करून स्लोला ठेवा आणि मॅनिफोल्डच्या जोडांवर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा. इंजिनाचा सूर बदलला की तिथे हवा शिरतेय असं समजा.

जुळवणी

“जेट कशाला बदलतासा? हवा स्क्रू जरा आवळला की झालं की,” असं ऐकायला मिळेल. तेवढ्याने होत नसतं. तो स्क्रू फक्त स्लोपासून पाव थ्रॉटलपर्यंतचं (रेसची मूठ पाव फिरवेपर्यंतचं) बघतो. पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये सुई (स्लाइडला लटकलेली, मेन जेटच्या नळीत वर-खाली होणारी) राज्य करते, आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. फिल्टर मोकळा झाला की हवा सगळ्यात जास्त वाढते ती फुल थ्रॉटलला, म्हणजे जिथे स्क्रूचा हात पोचत नाही तिथेच.

एक भाग पेट्रोल जाळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. हवा त्यापेक्षा बरीच वाढली तर मिश्रण पातळ होतं आणि डोकं तापतं. फोर-स्ट्रोक हे काही दिवस सोसतं. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालत असाल, तर पेट्रोल कमी पडलं की उष्णता वाढते आणि वंगणही पुरत नाही. मग भर वेगात पिस्टन चिकटतो. म्हणून नियम एकच: मोठ्या जेटपासून सुरुवात करून खाली यायचं. मिश्रण घट्ट असेल तर प्लग काळा होईल आणि ॲव्हरेज पडेल, इंजिन मात्र वाचेल.

थ्रॉटलच्या मुठीवर आणि शेजारच्या हाउसिंगवर पांढरी टेप लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण, फुल अशा खुणा करा. याशिवाय आपण नेमके कुठे आहोत ते कळत नाही. हाताला अर्धा वाटणारा थ्रॉटल बहुतेक वेळा पावच असतो.

आता मूळपेक्षा दोन पायऱ्या मोठं मेन जेट घाला. वाटी खोलून जेट काढताना स्क्रूड्रायव्हरची पाती खाचेत पूर्ण बसणारी हवी. पितळ मऊ असतं, खाच एकदा गेली की गेली. गाडी दहा मिनिटं फिरवून पुरती गरम करा. मग मोकळ्या रस्त्यावर, थोडा चढ असला तर उत्तम, तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल. तवंदी किंवा वंटमुरीच्या घाटात चढ चांगला आहे, पण तो हायवे आहे. ट्रकांच्या रांगेत ही परीक्षा घेऊ नका, आतला एखादा गावाकडचा रिकामा रस्ता हुडका. हेल्मेट घाला.

फुल थ्रॉटलला गाडी अडखळत, घुरघुरत ओढत असेल आणि मागे काळा धूर असेल तर जेट मोठं झालं, एक पायरी खाली या. ओढ कमी, आवाज कोरडा, थ्रॉटल किंचित मागे घेतल्यावर उलट जोर येतो असं वाटलं, तर जेट लहान आहे. खात्री करायची तर क्लच दाबून लगेच इंजिन बंद करा, गाडी कडेला घ्या आणि प्लग काढून बघा. तळातल्या पांढऱ्या चिनीमातीवर तपकिरी छटा हवी. पांढराफटक म्हणजे पातळ, काजळी म्हणजे घट्ट. नवा प्लग आणायला सांगितला तो यासाठीच, जुन्या प्लगवर जुनाच इतिहास लिहिलेला असतो. गरम प्लगला हात लावण्याआधी हातमोजा किंवा जाड फडकं घ्या.

मेन जेट जमलं की सुई. स्लाइड बाहेर काढून सुईच्या डोक्याकडे बघा. तिथे खाचा असतात, बहुतेक पाच, आणि एका खाचेत नखाएवढी क्लिप. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई तेवढी वर उचलली जाते आणि मधल्या थ्रॉटलला पेट्रोल वाढतं. क्लिप वर सरकवली की कमी. हे काम पांढरं कापड अंथरून करा. ती क्लिप पक्कडीतून अशी उडते की अंगण झाडूनही मिळत नाही. काही गाड्यांच्या सुईला एकच खाच असते. तिथे सुईच्या डोक्याखाली योग्य जाडीचा बारीक वॉशर घालून ती उचलतात.

अर्ध्या थ्रॉटलवर सपाट रस्त्याला चालवताना गाडी झटके देत असेल तर एक सोपी तपासणी आहे. हळू चालवत चोक जरासा ओढा. गाडी सुधारली म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं, आणखी बिघडली म्हणजे आधीच जास्त होतं. स्लोला कुठे चुकतंय ते बघतानाही हीच युक्ती चालते.

शेवटी स्क्रू. तो इंजिनाच्या बाजूला आहे की फिल्टरच्या, ते आधी बघा. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, आत फिरवला की मिश्रण घट्ट. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर फिरवला की घट्ट. ही दिशा उलटी धरल्यामुळे अनेक जण गोल गोल फिरत राहतात. स्क्रू अलगद तळाला टेकवा (आवळू नका, टोक चेपतं), तिथून दीड ते दोन फेरे बाहेर या. इंजिन गरम असताना पाव-पाव फेरा फिरवून सर्वांत स्थिर आणि वरचा स्लो मिळेल तिथे थांबा, मग स्लोचा स्क्रू कमी करून नेहमीच्या जागी आणा. दोन्ही टोकांना जाऊनही फरक पडत नसेल तर पायलट जेट एक पायरी बदलावं लागेल. रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली न येता वरच रेंगाळत असेल, तर स्लोचं मिश्रण अजून पातळ आहे.

गोवा आणि इथेनॉल

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठेक टक्क्यांनी कमी. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळी गावाला पोचलात की तीच गाडी जास्त दाट हवा ओढते, आणि बेळगावात काठोकाठ जुळवलेलं मिश्रण खाली थोडं पातळ पडतं. दर महिन्याला गोव्याला पळणाऱ्यांनी इथली जुळवणी जराशी घट्ट बाजूला ठेवावी. घाट चढून परत आल्यावर किंचित जड वाटेल, चालतं.

दुसरी गोष्ट पंपावरची. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही आपल्याच उसातून निघतं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने ते जाळायला हवा कमी लागते. इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर ते ओळखून सांभाळून घेतो. कार्ब्युरेटरला डोळे नाहीत, म्हणून जुनी गाडी फिल्टर बदलण्याआधीच किंचित पातळ चालत असते. वर मोकळा फिल्टर लावला की तो फरक दुप्पट जाणवतो. दहा वर्षांपूर्वीच्या कुणाच्या जेट नंबरवर आज भरवसा ठेवू नका.

पीयूसीलाही जा. २००० सालानंतरच्या जुन्या मोटारसायकलींना स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे. तिथला आकडा तुमच्या स्लो मिश्रणाबद्दल बरंच सांगतो, थोडक्या पैशांत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारांवर बंधनं आहेत, आणि आवाज वाढलेली गाडी केए-२२ (बेळगाव) असो की एमएच-०९ (कोल्हापूर), पोलीस बाजूला घेतातच.

धुणं आणि पावसाळा

कापडी फिल्टर पेट्रोलने धुऊ नका, रबर आणि डिंक दोन्ही सुटतात. त्याचं क्लीनर मिळतं, नसेल तर सौम्य साबण. पाणी आतून बाहेर सोडा, धूळ आली त्याच्या उलट दिशेने, तेही हलक्या धारेने. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप नको. सावलीत पूर्ण वाळू द्या, मग प्रत्येक घडीवर बारीक धारेने फिल्टरचं तेल. तेल जास्त झालं तर ते कार्ब्युरेटरात ओढलं जातं, आणि तेलाशिवाय कोरडा लावला तर बारीक धूळ गाळलीच जात नाही. फोम रॉकेलमध्ये किंवा साबणात धुवा, पिळू नका, तळहातांत दाबा. होंडा-हिरोच्या काही गाड्यांत येणारा तेलकट कागदी फिल्टर मात्र धुवायचा नाही, झटकायचाही नाही, बदलायचा. उसाच्या हंगामात पुस्तिकेतल्या अंतरापेक्षा निम्म्यावरच फिल्टर उघडून बघा.

पॉड आणि आपला पाऊस यांचं जमत नाही. मागच्या चाकाचं पाणी सरळ फिल्टरवर येतं, ओल्या कापसातून हवा जात नाही, आणि जांबोटीच्या पुढे रेंज नसलेल्या वळणावर गाडी बंद पडते. वरून प्लास्टिकची पिशवी बांधायचा उपाय काही जण करतात. त्याने हवाच बंद होते. फिल्टरवर चढवायचे पाणी झटकणारे कापडी मोजे मिळतात, ते सरीपुरते ठीक. खानापूर बाजूला रोज ये-जा असेल तर मृग लागायच्या आत मूळ डबा परत चढवा, दसऱ्यानंतर पुन्हा पॉड लावा.

डबा परत बसवला की मूळ मेन जेट, सुईची मूळ खाच आणि स्क्रूचे मूळ फेरेही परत आले पाहिजेत. नाहीतर जास्त पेट्रोलने पावसाळाभर प्लग काळा पडत राहील. म्हणून दोन्ही सेटिंग एका कागदावर लिहून, जेट छोट्या पिशवीत घालून, टूलकिटमध्येच ठेवा.